शेवाळे आप्पांचा आठवा मग

भांडी बाजारातल्या एका दुकानात एका गिऱ्हाइकाने घरून किटलीत आणलेला उकळता चहा दुकानातल्याच एका नव्या कोऱ्या मगात ओतला, झाकण फिरवून घट्ट लावलं, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि स्टूल ओढून बसत दुकानदाराला सांगितलं, "आता चार तास."

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या गिऱ्हाइकाला माझ्या स्कूटरवरून मीच तिथे नेलं होतं.

दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "काका, हा विकायचा माल आहे."

"म्हणूनच तपासतोय," गिऱ्हाईक म्हणालं. "विकायचा नसता तर कशाला तपासला असता?"

पहिल्या तासात दुकानदार चिडलेला होता. दुसऱ्या तासात त्याने आमच्यासाठी पंखा लावला. तिसऱ्या तासात कुकरची शिटी घ्यायला आलेल्या दोन बायका निकाल बघायला म्हणून थांबल्या. चौथा तास भरत आला तेव्हा शेजारच्या बादल्यावाल्याने आपलं दुकान तसंच उघडं टाकून इकडे ठाण मांडलं होतं. मग झाकण उघडलं. गिऱ्हाइकाने खिशातून पेन काढावं तसा थर्मामीटर काढला, चहात बुडवला, आणि सगळ्यांच्या माना पुढे आल्या.

"एकसष्ट," गिऱ्हाईक म्हणालं.

"म्हणजे चांगलं ना?" दुकानदाराने विचारलं. त्याचा आवाज दहावीच्या निकालाला आलेल्या बापासारखा झाला होता.

"मी चांगलं-वाईट बोलत नाही. मी आकडा बोलतो. ही पहिली पायरी. अंतिम तपासणी मालेगावला होईल."

"मालेगावला?" सगळं दुकान एका आवाजात म्हणालं.

तर हे आमचे शेवाळे आप्पा. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

आप्पांनी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनत. बनवणारे बनवत, आणि आप्पा ते मोजून नाकारत. निवृत्त होताना इतरांना शाल आणि नारळ मिळतो. आप्पांनी ते घेतलंच, शिवाय स्टोअरमधून स्टिकरची तीन भेंडोळी मागून घेतली. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे फेरतपासणी, हिरवा म्हणजे ओके. पिवळं भेंडोळं अर्धं संपलंय. लाल दोनदा नव्याने छापून आणलं. हिरवं अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, जवळजवळ जसंच्या तसं.

आमच्या सोसायटीच्या लिफ्टला लाल स्टिकर आहे. वॉचमनच्या शिट्टीला लाल आहे. माझ्या बायकोने दिवाळीत पाठवलेल्या चिवड्याचा डबा पिवळा स्टिकर लावून परत आला, त्यावर बारीक अक्षरात "शेंगदाणे असमान भाजलेले" असं लिहिलेलं होतं. ती महिनाभर आप्पांशी बोलली नाही. आप्पांना ते कळलंही नाही, कारण ते महिनाभर दर चार दिवसांनी खाली येऊन "नवा घाणा केला का?" असं विचारत होते.

हिरवा स्टिकर मी त्यांच्या घरात एकाच वस्तूवर पाहिलाय. पुरणयंत्रावर. वहिनी जाऊन चार वर्षं झाली, ते यंत्र फडताळात वरच्या फळीवर आहे.

आप्पांचा एक नियम आहे आणि तो ते लहान मुलांनासुद्धा ऐकवतात. "पास झालं की फाईल बंद. पास मालाकडे वळून बघायचं नाही. जो इन्स्पेक्टर पुन्हा पुन्हा बघतो, त्याचा स्वतःवर विश्वास नाही." नाकारलेल्या वस्तूची गोष्ट मात्र वेगळी. तिची ते पंधरा दिवसांनी चौकशी करतात. लिफ्टबद्दल तर असं विचारतात, की जणू काही सासरी दिलेली मुलगी आहे.

आता मालेगावचं सांगतो.

मालेगावला रशीदभाई राहतात. ते त्याच कारखान्यात प्रॉडक्शनला सुपरवायझर होते. म्हणजे तीस वर्षं रशीदभाईंनी माल बनवला आणि तीस वर्षं आप्पांनी तो नाकारला. दोघेही तेव्हा नाशिकला राहायचे आणि रोज सकाळी द्वारका चौकात कंपनीच्या बसची वाट बघत गोरखच्या टपरीवर एक कटिंग दोघांत प्यायचे. टपरीवर मैत्री, गेटच्या आत वैर. परतीच्या बसमध्ये काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही, कारण दोघंही सांगताना एकदमच बोलतात.

निवृत्तीनंतर रशीदभाई मालेगावला मुलाकडे गेले. मग त्यांचे गुडघे गेले. नाशिकला येणं बंद झालं. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आप्पा एसटीने मालेगावला जातात आणि जाताना गोरखच्या टपरीवरचा चहा घेऊन जातात.

मालेगावला चहा घेऊन जाणं म्हणजे येवल्याला पैठणी घेऊन जाणं. त्या गावात चहाची हॉटेलं मोजायला बसलं तर दिवस जाईल. मी आप्पांना तसं म्हटलंही.

"मालेगावला चहा मिळतो, मान्य," आप्पा म्हणाले. "द्वारकेचा मिळत नाही."

पहिल्यांदा ते घरातला जुना थर्मास घेऊन गेले. पोचेपर्यंत चहा गार. रशीदभाईंनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि तीस वर्षं घशात अडकून बसलेला शब्द सावकाश उच्चारला. "रिजेक्ट."

आप्पा त्या दिवशी संध्याकाळी परत आले ते जिन्यातच माझ्याकडे थांबले. "भालेराव, मी त्याचा एवढा माल नाकारला, पण एकदाही कारण नसताना नाकारला नाही. आता त्याने माझा नाकारला. आणि कारण होतं." मग कठड्याला धरून म्हणाले, "आता त्याच्या तोंडून एकदा ओके ऐकायचं. तेवढं झालं की मी सुटलो."

तेव्हापासून आप्पांनी मगांचा अभ्यास सुरू केला.

या विषयात आता माझीही थोडी गती झाली आहे, तेव्हा दोन शब्द सांगतो. मगाला दोन भिंती असतात आणि मधे निर्वात पोकळी. गरम चहा ओतल्यावर मग बाहेरून कोमट लागला, तर पोकळी गेली म्हणून समजायचं, दुकानदार काहीही सांगो. उष्णता अंगातून पळत नाही, झाकणातून पळते. झाकणातली रबरी रिंग काढून धुता आली पाहिजे, नाहीतर आज कॉफी प्यायली तरी परवाचं आलं लागतं. तोंड एवढं रुंद हवं की हात आत जाईल, आणि एवढं अरुंद हवं की मिशी आत जाणार नाही. चहा ओतण्याआधी मगात दोन मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवायचं. "थंड भांडं पहिला घोट स्वतः पितं," असं आप्पा म्हणतात. भरलेला मग उलटा करून पांढऱ्या रुमालावर दहा मिनिटं ठेवायचा. रुमाल कोरा राहिला तर पुढची गोष्ट. आप्पांच्या रुमालांवर चहाचे डाग का असतात, हे कोडं सोसायटीला कित्येक दिवस पडलं होतं. ते असं उलगडलं.

एवढं सगळं करून आप्पा मालेगावला सात मग घेऊन गेले, आणि सातही रशीदभाईंनी नाकारले.

भांडी बाजारातला तो एकसष्टवाला, "स्टीलचा वास येतो" म्हणून. दुसरा, रबराची चव लागते म्हणून. तिसऱ्याच्या तोंडात त्यांची दाढी बुडली. चौथ्याचं झाकण उघडताना कुरकुरतं. पाचवा पोपटी होता. पोपटी असणं हा दोष कुठल्या कलमात बसतो, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "सरफेस फिनिश." सहावा आणि सातवा का नाकारला ते मी विचारलंच नाही.

नाकारलेल्या मगांवर लाल स्टिकर लागे आणि ते सोसायटीत वाटले जात, कारण रिजेक्ट माल घरात ठेवायचा नाही हाही आप्पांचा नियम. हल्ली सकाळी आमच्या सोसायटीतली मंडळी जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जातात तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक मग असतो आणि प्रत्येक मगावर लाल अक्षरांत "रिजेक्ट" लिहिलेलं असतं. नवीन माणसाला वाटतं, हा काहीतरी निवृत्तांचा संप आहे.

आमच्या वाट्याला पोपटी आला. एका संध्याकाळी माझी बायको त्यातला सकाळचा चहा ओतत होती. ती म्हणाली, "अहो, याच्यात अजून वाफ आहे. हा रिजेक्ट कसा झाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रशीदभाई जुनं उट्टं काढत होते. तीस वर्षांचा हिशेब एकेका मगाने चुकता करत होते, आणि आमचे भोळे आप्पा दर महिन्याला तीन तास एसटीत हाडं खिळखिळी करून अपमान करून घ्यायला जात होते. मी ठरवलं, बस्स. या प्रकरणाचा निकाल लावायचा.

माझा भाचा परदेशातून येणार होता. त्याला मी सांगितलं, चॉकलेट नको, अत्तर नको, जगातला सगळ्यात चांगला मग आण. त्याने आणला. काळा, जड, गंभीर चेहऱ्याचा मग होता तो. मी तो आप्पांपुढे अशा थाटात ठेवला, की पडदा वर जाऊन घंटा वाजायला हवी होती.

आप्पांनी चाचणी घेतली. चार तासांनी थर्मामीटर बुडवला. बराच वेळ बघत राहिले.

"किती?" मी म्हणालो.

"एकाहत्तर."

"मग? आता बोला."

आप्पांनी थर्मामीटर पुसला, पुन्हा बुडवला, पुन्हा एकाहत्तर आले. त्यांनी मगाकडे असं बघितलं, जसं चांगल्या घरचं स्थळ आल्यावर मुलीचा बाप बघतो. मला वाटलं, त्यांना माझा हेवा वाटतोय. तीस वर्षं इन्स्पेक्टर असून जे जमलं नाही, ते खालच्या मजल्यावरच्या माणसाने एका भाच्याच्या जोरावर करून दाखवलं होतं.

"या दुसऱ्या शनिवारी मी पण येतो मालेगावला," मी म्हणालो.

"कशाला त्रास घेता, भालेराव?"

"त्रास कसला? ओके ऐकायला येतो."

शनिवारी सकाळी आठला आम्ही द्वारकेला गोरखच्या टपरीवर. उड्डाणपुलाखाली ट्रक, रिक्षा आणि भाजीचे टेम्पो एकमेकांना सुनावत होते. गोरखने उकळत्या पाण्याचं पातेलं पुढे केलं, कारण मग आधी गरम करायचा हे आता त्यालाही पाठ झालं आहे. आप्पांनी पातेलं बाजूला सारलं, मग नळाखाली धरला आणि गार पाण्याने चांगला खळखळून घेतला.

"आप्पा, हे काय?" मी म्हणालो.

"धुतला. धूळ असते."

गोरखने माझ्याकडे बघितलं, मी गोरखकडे बघितलं. चहा ओतला, झाकण लागलं, बस आली.

पिंपळगावला आप्पांनी झाकण उघडलं. म्हणाले, आटे नीट बसलेत का बघतो. चांदवडला पुन्हा उघडलं. म्हणाले, रिंग बघतो. राहुड घाटात ते अख्खा घाट झाकण हातात घेऊन बसले, आणि वर एसटीची खिडकी उघडी. तीस वर्षं इन्स्पेक्शन केलेला माणूस, याच्यापुढे आपण काय बोलणार. मी मनात म्हटलं, बघा, किती कडक तपासणी. असा माणूस असतो म्हणून यंत्रं चालतात.

मालेगावला रिक्षा गल्लीत शिरली तशी दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट सुरू झाली. रशीदभाई ओट्यावर खाटेवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, दाढी विंचरलेली. मला पाहून त्यांनी आदाब केला आणि आप्पांना म्हणाले, "या शेवाळेसाब. माल आणला?"

"आणला."

"बघू. मागचा फारच बेकार होता."

त्यांची सून नानकटाईची बशी घेऊन आली. मी विचारलं, रशीदभाईंचा सकाळचा चहा झाला असेल ना? ती म्हणाली, "कहाँ? दुसऱ्या शनिवारी अब्बा घरचा चहा घेतच नाहीत. फजरच्या नमाजापासून असेच बसतात. उपाशी."

"तू आत जा," रशीदभाई म्हणाले. ती हसून आत गेली.

तीन पेले मांडले गेले. आप्पांनी झाकण उघडलं आणि त्या मगातून असा वाफेचा लोट उठला, की रशीदभाईंच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. गार पाणी, पिंपळगाव, चांदवड, अख्खा राहुड घाट, सगळं त्या मगाने पचवलं होतं. मला माझ्या भाच्याचा अभिमान वाटला. मी पहिला घोट घेतला, आणि पुढचे दोन दिवस आमटीत मीठ आहे की नाही हे मला कळलं नाही.

रशीदभाईंनी घोट घेतला. त्यांचे डोळे भरून आले. कष्टाने गिळलं. पेला खाली ठेवला.

"कोमट," ते म्हणाले.

"कोमट?" मी म्हणालो. "अहो रशीदभाई, तुमच्या..."

माझ्या गुडघ्यावर आप्पांचा हात पडला. जोरात नाही, हलकाही नाही. तीस वर्षं मापात राहिलेला हात होता तो.

"भालेराव, तपासणी चालू असताना बाहेरच्या माणसाने बोलायचं नसतं."

"पण आप्पा, थर्मामीटर लावा ना. आकडा बोलेल."

आप्पांनी सदऱ्याचा खिसा वरून चाचपला. "घरी राहिला वाटतं," ते म्हणाले.

थर्मामीटर खिशातून चांगला दोन बोटं वर आलेला होता. मला दिसत होता. रशीदभाईंनी चष्मा पुसून घातला, त्यांनाही दिसला. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे बघितलं. पलीकडच्या मागांची खटखट चालू होती.

"रिजेक्ट," रशीदभाई म्हणाले.

आप्पांनी पिशवीतून लाल भेंडोळं काढलं, एक स्टिकर सोलला, मगाच्या मधोमध लावला आणि अंगठ्याने कडा नीट दाबल्या. "कारण लिहून घेतो. कोमट. आणखी?"

"झाकणात पण काहीतरी आहे."

"काय आहे?"

"सोचना पडेगा. पुढच्या महिन्यात सांगतो."

आप्पा मूळचे सटाण्याकडचे. एरवी अगदी शहरी बोलतात, पण आतून कुठेतरी सैल झाले की अहिराणी बाहेर येते. त्यांनी वही मिटली, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "बरं शे."

सकाळी आठपासून पहिल्यांदा त्यांची पाठ कशाला तरी टेकली होती.

पुढे दुपारपर्यंत मी कारखान्यातल्या एका जुन्या बुशिंगच्या खेपेची हकीकत ऐकली. रशीदभाई म्हणत होते, ती मापात होती. आप्पा म्हणत होते, नव्हती. दोघंही एकदमच बोलत होते. मधल्या वेळात त्या रिजेक्ट मगातला चहा दोघांनी थेंबभरही न ठेवता संपवला, आणि शेवटचा पेला संपला तेव्हाही त्यातून वाफ येत होती.

निघताना आप्पा रिक्षा बघायला गल्लीच्या तोंडाशी गेले. रशीदभाईंनी मला हाताने जवळ बोलावलं.

"भालेरावसाहेब, हा मग तुम्ही आणलात?"

"हो."

"उमदा माल आहे. माझी जीभ भाजली." ते गल्लीच्या टोकाकडे बघत होते. तिथे आप्पा एका रिक्षाच्या मागच्या चाकात हवा किती आहे ते वाकून तपासत होते. "पास झालेल्या मालाकडे तो माणूस परत वळून बघत नाही. तीस वर्षं बघितलंय मी."

जीभ माझीही भाजली होती.

"पुढच्या वेळी जरा बघून आणा," रशीदभाई म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीला डोकं टेकून चांदवडपर्यंत गाढ झोपले. जागे झाले आणि म्हणाले, "भालेराव, मग चांगला होता. तुमच्याकडेच ठेवा. रिजेक्ट माल मी घरात ठेवत नाही."

"ठेवतो," मी म्हणालो.

सोमवारी मी भांडी बाजारात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं, माझ्या मागे किटली घेऊन कोणी येतंय का ते वाकून पाहिलं, आणि कोणी नाही म्हटल्यावर पुढे आला.

"बोला साहेब, काय दाखवू?"

"मग दाखवा," मी म्हणालो. "जरा कमी गरम ठेवणारा."